पित्ताशय दिसत नाही तेव्हा

प्रिय मुली,

हायडा स्कॅनचं, म्हणजे शिरेतून किरणोत्सर्गी औषध देऊन पित्ताचा मार्ग पाहण्याच्या तपासणीचं, काम आता तुझ्याकडे आलंय, म्हणून हे सविस्तर लिहितो. या तपासणीत सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: पित्ताशय दिसलं का? दिसलं, तर सिस्टिक डक्ट (पित्ताशयाकडे जाणारी नळी) उघडी आहे आणि तीव्र सूज बहुधा नाही. तासाभरात दिसलं नाही, मॉर्फिन देऊनही दिसलं नाही, तर डक्ट बंद आहे असं धरून सर्जन ऑपरेशनच्या तयारीला लागतात. म्हणजे इथे न दिसण्यावरच निदान ठरतं. पण पित्ताशय न दिसायला सुजेखेरीजही कारणं असतात. त्यातली बरीचशी इंजेक्शन देण्याआधी, रुग्णाशी नीट बोललं की हाती लागतात.

सोनोग्राफीत खडे, 3 मिलिमीटरपेक्षा जाड भिंत, भोवती पाणी आणि प्रोब दाबल्यावर नेमकं पित्ताशयावरच दुखणं असं सगळं जुळलं, तर आपल्याकडे पाठवायची गरज पडत नाही. आपल्याकडे येतात ते निदान अडलेले रुग्ण. त्यामुळे पूर्वतयारीत ढिलाई चालत नाही.

उपास किमान 4 तासांचा हवा, शक्यतो 6 तासांचा. पण "उपाशी आहात ना?" असं कधी विचारू नकोस. धडगाव, अक्कलकुव्याहून येणारा माणूस पहाटेची एसटी धरतो, स्टँडवर दुधाचा चहा घेतो आणि तुला उपाशी असल्याचं सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी चहा हे खाणं नव्हेच. दुधातल्या स्निग्धांशामुळे कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवतं, पित्ताशय आकुंचन पावतं आणि औषध आत शिरत नाही. म्हणून काल रात्रीपासून तोंडात काय काय गेलं आणि किती वाजता, ते विचार. चाळीसगाव-अमळनेरकडची म्हातारी असेल तर अहिराणीत विचार, "काय खादं?" पावरी बोलणारा रुग्ण असेल तर सोबतच्या नातेवाइकाला मध्ये घे. मासिक पाळी आणि गर्भारपणाचं त्याच वेळी विचारून घे.

उलटा घोळही तितकाच होतो. रुग्ण दोन दिवस दुसऱ्या दवाखान्यात फक्त सलाइनवर असतो. 24 तासांहून जास्त उपास झाला की पित्ताशय घट्ट पित्ताने आधीच भरलेलं असतं. नव्या पित्ताला आत जागाच नसते. अशा वेळी पित्ताशय रिकामं करणारं सिंकॅलाइड किलोमागे 0.02 मायक्रोग्रॅम या हिशेबाने 30 ते 60 मिनिटांत सावकाश द्यायचं. एकदम ढकललं तर पोटात कळ येते, मळमळतं आणि पित्ताशय नीट रिकामंही होत नाही. ते संपल्यावर 15 ते 30 मिनिटं थांबून मगच मुख्य इंजेक्शन. सिंकॅलाइड हाताशी नसेल तर उपासाचे तास रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना आधीच कळव.

वेदनाशामकाचं नाव आणि वेळ केसपेपरवरून स्वतः वाच. पेंटाझोसिन, मॉर्फिन यांसारख्या ओपिऑइड औषधांनी ओडीचा स्फिंक्टर (पित्तनलिकेच्या आतड्याकडच्या तोंडाचा स्नायू) आवळतो, पित्त आतड्यात उतरत नाही आणि मुख्य पित्तनलिकाच अडल्यासारखं चित्र येतं. शक्य असेल तर निदान 6 तासांचं अंतर हवं. डायक्लोफिनॅकने हा घोटाळा होत नाही.

नंदुरबार पट्ट्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे सतत डोक्यात ठेव. या रुग्णांत लाल पेशी फुटत राहतात, त्यामुळे रंगद्रव्याचे खडे कोवळ्या वयातच होतात. सिकलसेल क्रायसिसमध्येही (या आजाराच्या दुखण्याच्या झटक्यातही) पोट दुखतं, आणि त्यासाठी वरचीच औषधं दिलेली असतात. बिलिरुबिन वाढलेलं दिसलं म्हणून लगेच अडथळा समजू नकोस. डायरेक्ट किती, इनडायरेक्ट किती, ते पाहा; पेशी फुटल्याने इनडायरेक्ट वाढतं, अडथळ्याने डायरेक्ट. पंधरा-सोळा वर्षांचं पोर पाहून "या वयात कुठले खडे" असं कुणी म्हणालं, तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का, ते तू विचार.

आता प्रत्यक्ष काम. किरणोत्सर्गी औषध म्हणजे टेक्निशियम मेब्रोफेनिन, मोठ्या माणसाला 3 ते 5 मिलिक्युरी. कावीळ जास्त असेल तर डॉक्टर डोस वाढवतील, 10 पर्यंत. किटमध्ये टेक्निशियम घातल्यावर 15 मिनिटं ठेवायचंच, घाईत आधी काढायचं नाही. बांधणी नीट झाली नाही तर मोकळं परटेक्नेटेट (न बांधलं गेलेलं टेक्निशियम) जठरात आणि थायरॉइडमध्ये दिसतं, आणि जठरातली चमक पाहून कुणीतरी पित्त उलटं चढल्याचं लिहून बसतं. कॅमेऱ्याला लो एनर्जी कोलिमेटर (किरण गाळणारी जाळी), 140 केईव्हीवर 20 टक्के विंडो, मिनिटाला एक फ्रेम, अशा 60. यकृत चित्राच्या वरच्या भागात घे, म्हणजे आतडंही मावेल.

पाचएक मिनिटांत हृदयातली चमक ओसरायला हवी. ओसरली नाही तर यकृतच मंद आहे, आणि मग पित्ताशय उशिरा दिसण्याला फारसा अर्थ उरत नाही.

पित्ताशयाच्या जागी ठिपका दिसला तरी लगेच खूश होऊ नकोस. ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) तिथेच असतं, उजव्या मूत्रपिंडाचं पेल्व्हिसही (मूत्र गोळा होण्याची जागा). उजवी लॅटरल (बाजूने घेतलेलं चित्र) काढ: पित्ताशय पुढे असतं, मूत्रपिंड मागे. ड्युओडेनमची शंका असेल तर पेलाभर पाणी पाजून पुन्हा पाहा. आतड्यातलं पुढे सरकतं, पित्ताशयातलं सरकत नाही.

60 मिनिटांत पित्ताशय दिसलं नाही, पण आतडं दिसलं, तरच मॉर्फिन; इथे त्याने तोच स्फिंक्टर मुद्दाम आवळून पित्त पित्ताशयाकडे वळवायचं असतं. किलोमागे 0.04 मिलिग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 2 मिलिग्रॅम, दोन-तीन मिनिटांत सावकाश, डॉक्टर हजर असताना. नॅलोक्सोन (मॉर्फिनचा उतारा) आणि ऑक्सिजन जवळ ठेव. यकृतात औषध शिल्लक नसेल तर मॉर्फिन वाया जातं. आधी बूस्टर, म्हणजे मेब्रोफेनिनचा आणखी थोडा डोस, लागतो. मग आणखी 30 मिनिटं चित्रं घे. मॉर्फिन चालणार नसेल तर 3 ते 4 तासांनी पुन्हा चित्र काढायचं. हे रुग्णाला सकाळीच सांग, कारण शहाद्याला परतणाऱ्याची गाडी चुकते आणि तो मधेच उठून जातो. या वेळात त्याने काही खायचं नाही, हे त्याच्यासोबतच्या माणसालाही बजाव; भूक लागली म्हणून कँटीनची शेवभाजी खाल्ली की सगळं पाण्यात. इतक्या उशिरा पित्ताशय भरलं तर तीव्र सुजेपेक्षा जुनाट सुजेकडे कल जातो.

आणखी एक. पित्ताशय रिकामं, पण त्याच्या खळीलगतच्या यकृतात अर्धगोल चमकती कड, आणि बाकी यकृत फिकं होत गेलं तरी ती तशीच राहिलेली: हा रिम साइन. गँगरीन किंवा छिद्र पडण्याचा धोका असतो. असं दिसलं तर छापील रिपोर्टची वाट पाहू नकोस. रुग्ण टेबलावर असतानाच डॉक्टरांना चित्र दाखव आणि सर्जनला फोन जाईल असं बघ.

तुझा,
सर