'दिवस गेल्यावर या' असं का म्हणतात?

लग्नाला दीड वर्ष झालं, आता मूल हवंय म्हणून आधीच तपासून घ्यायला तुम्ही सरकारी केंद्रात गेलात आणि नर्सबाईंनी 'दिवस गेल्यावर या' म्हणून परत पाठवलं. राग येणारच. पण इथे इंदूरलाच एकवीस वर्षं प्रसूतीच्या कामात काढली, हे वाक्य मीही कितीदा बोलले असेन.

तिच्यापुढच्या रजिस्टरात तुमच्यासाठी रकानाच नाही हो. नावानंतर विचारायचं ते शेवटच्या पाळीची तारीख. दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी गरोदर बायांची, आशाताईंना पैसे मिळतात तेही गरोदरपणाच्या नोंदीचे, दवाखान्यातल्या बाळंतपणाचे. गरोदर नसलेल्या बायकांना आठवड्याला एक लोह-फॉलिकची गोळी सरकारी योजनेत आहे, पण ती मागायला कोण जातं?

आणि बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, आठ दिवस वाट पाहिली, मग सासूबाईंना सांगितलं, की ते दिवस गेलेच. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड (४०० मायक्रोग्रॅम, रोज) निदान महिनाभर आधीपासून हवं. आधीच्या बाळाला ही नळी नीट न मिटल्याचा दोष असेल तर मात्र डोस बराच जास्त लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

एक मुलगी आली होती, अडीच महिने झालेले. काही औषध चालू आहे का विचारलं, तर पर्समधून चुरगळलेली पट्टी काढली. फिट्सची, व्हॅल्प्रोएट, पोटातल्या बाळाला धोक्याची. लहानपणापासून घेत होती. लिहून देणाऱ्याने लग्नाचं विचारलं नाही, माहेरच्यांनी तर सासरी फिट्सचंच लपवलेलं. ती पट्टी दुपट्ट्याखाली धरूनच दाखवत होती. (अशी गोळी मनाने बंद करायची नाही, गर्भ राहण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.)

घरचं कुंपण रजिस्टरापेक्षा उंच. आपल्याकडे सून तपासायला गेली की 'काही प्रॉब्लेम आहे का?' सुरू. त्यामुळे नवऱ्याला सोबत न्याच. थॅलेसेमिया, सिकलसेल या आईबापाकडून बाळात येणाऱ्या रक्ताच्या आजारांसाठी गरज पडली तर त्याचंही रक्त लागतं.

हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड, बीपी, रक्तगट बघून घ्या. रुबेलाची लस राहिली असेल तर ती घेऊन महिनाभर थांबा. आणि पर्चा बनवताना खिडकीवर 'एएनसी' (म्हणजे गरोदरपणातली तपासणी) म्हणू नका, 'स्त्रीरोग' म्हणा. नाहीतर पुन्हा त्याच नर्सबाईंसमोर उभ्या राहाल.