मालदीवचा वॉटर व्हिला की अंदमान? आधी मिस्टरांची पे स्लिप बघू

नमस्कार ताई, प्रश्न सविस्तर लिहिलात आणि मिस्टरांची पे स्लिप पण जोडलीत हे फार बरं केलंत, कारण खरी गंमत त्या पे स्लिपमध्येच आहे, समुद्राकडे नंतर येऊ.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताई नाशिकला शाळेत शिकवतात, पगार ३२ हजार. मिस्टर कंपनीत, वर्षाचा ग्रॉस १२ लाख ४० हजार. घराचा हप्ता २८ हजार, एसआयपी १२ हजार, अडीअडचणीला ताईंच्या नावावर ३ लाखांची एफडी, मुलगी सहा वर्षांची. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून कुठेतरी मस्त समुद्रावर जायचं ठरवून दोघांनी महिना १० हजारांची आरडी लावली होती, ती सप्टेंबरात व्याजासकट २ लाख ५६ हजारांची होतेय. ताईंना मालदीव हवंय, वॉटर व्हिला हवा, तो पायाखाली काचेतून मासे दिसणारा. मिस्टर म्हणतात अंदमान, एक तर एलटीए, म्हणजे कंपनीकडून मिळणारा टॅक्स वाचवणारा प्रवासभत्ता, मिळतो आणि दुसरं म्हणजे बाहत्तर वर्षांच्या बाबांना सावरकरांची कोठडी बघायचीय. एजंटचं मालदीवचं कोटेशन १ लाख ९५ हजार, अंदमानचं १ लाख १० हजार. ताईंचं म्हणणं, फरक फक्त ८५ हजारांचा आहे आणि एजंट नो कॉस्ट ईएमआय देतोय, मग दहा वर्षांतून एकदा मन का मारायचं.

मन मारू नका, पण तो फरक ८५ हजारांचा नाहीये.

तुमचं मालदीवचं कोटेशन नीट वाचा. चार रात्री, दोन बीच व्हिलात दोन वॉटर व्हिलात, हाफ बोर्ड. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, विमान वेगळं, सीप्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) अॅक्च्युअलवर, ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांवरचा तिथला टॅक्स, रिसॉर्टला भरायचा, जीएसटी एक्स्ट्रा. म्हणजे कोटेशनमध्ये खोली आणि दोन वेळचं जेवण सोडून काहीच नाही. मुंबई-मालेचं तिकीट तुम्हीच २५ हजार लिहिलंय, तिघांचे ७५ हजार. सीप्लेन मोठ्यांना जाऊन येऊन ४०० डॉलर आणि मुलीला २००, म्हणजे हजार डॉलर, डॉलर ९० रुपये धरला तरी ९० हजार झाले, आणि हे टाळता येत नाही कारण तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, दुसऱ्या कुठल्या गाडीने जायची सोयच नाही. ग्रीन टॅक्स जानेवारी २०२५ पासून डबल झालाय, रिसॉर्टला माणशी रात्री १२ डॉलर, दोन वर्षांवरच्या मुलांनाही लागतो, तिघांचे चार रात्रींचे १४४ डॉलर, १३ हजार. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी, पावणेदहा हजार.

आता हाफ बोर्ड. दुपारचं जेवण त्यात नाही आणि सहा वर्षांच्या मुलीला दुपारी भूक लागणार हे मी सांगायला नको. रिसॉर्टच्या मेनूवर पिझ्झा ३० डॉलर लिहिलेला असतो आणि आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं असतात, त्याचा अर्थ वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग त्या सगळ्यावर १७ टक्के त्यांचा जीएसटी. तो पिझ्झा ३८ डॉलर ६१ सेंटला पडतो, ३,४७५ रुपये. एक पिझ्झा. शेजारी दुसरं हॉटेल नाही, टपरी नाही, चितळेंची बाकरवडी बॅगेतून नेली असेल तेवढीच. दुपारची जेवणं, पाण्याच्या बाटल्या, एखादी स्नॉर्केलिंगची ट्रिप धरून मी ४५ हजार लावतो आणि हात आखडता घेऊनच लावतो.

सगळं मिळून ४ लाख २८ हजार. टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा टॅक्स, मी यात धरलेला नाही, २०२६ च्या बजेटनंतर परदेशी टूर पॅकेजवर तो २ टक्के झालाय आणि तसाही तो खर्च नसतो, रिटर्नमध्ये वळता होतो, फक्त तोवर पैसे अडकतात. अजून एक, सीप्लेन अंधारात उडत नाहीत, तुमचं विमान दुपारी उशिरा उतरत असेल तर एक रात्र मालेजवळ हॉटेल घ्यावं लागेल, ती वेगळी. एजंटला फ्लाइटची वेळ विचारलीत का? पत्रात कुठे दिसली नाही. आणि वॉटर व्हिलात लहान मुलं चालतात का हेही विचारा, बऱ्याच रिसॉर्टमध्ये एका वयाखालची मुलं तिथे घेत नाहीत किंवा तुमच्याच जबाबदारीवर म्हणून सही घेतात.

अंदमानचं तसंच मांडू. बाबा धरून चौघं. १ लाख १० हजारात पाच रात्रींचं हॉटेल, गाडी आणि हॅवलॉक-नील बेटांच्या फेरी बोटी आहेत, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप ही नावं २०१८ ला झाली तरी एजंट अजून हॅवलॉकच म्हणतात. विमान आपल्याकडून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगलोरला बदलून, माणशी २२ हजारांनी ८८ हजार. तुम्हा दोघांचं स्कूबा ९ हजार, जेवणखाण २५ हजार. २ लाख ३२ हजार. आरडीत बसतं, वर २४ हजार उरतात, ते राहू द्या कारण फेरीचा काही भरवसा नसतो, त्यावर येतो पुढे.

म्हणजे खरा फरक १ लाख ९६ हजारांचा आहे, तोही अंदमानात एक माणूस जास्त आणि एक रात्र जास्त असताना. मालदीवसाठी आरडी संपवून १ लाख ७२ हजार कमी पडतात, ते कुठून आणायचे? एफडी मोडायची नाही, यावर मी वाद घालत नाही. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ८,२५८ आणि व्याज २६ हजार, म्हणजे ते पिझ्झे पुढची दोन वर्षं महिन्याच्या महिन्याला फेडायचे. नो कॉस्ट ईएमआय फक्त त्या १ लाख ९५ हजारांवर आहे, विमान-सीप्लेनला नाही, आणि ते नो कॉस्ट पण नसतं. बँक व्याज लावते, तेवढीच सूट एजंट आधी देतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर येतो, बारा महिन्यांत अडीच-तीन हजार, शिवाय प्रोसेसिंग फी. आणि तुम्हीच लिहिलंय की रोख दिले तर एजंट ८ हजार कमी करतोय. म्हणजे ती सूट सोडणं हीच त्या ईएमआयची कॉस्ट झाली ना. तिथे डॉलरमधलं बिल कार्डाने भरलंत की बरीचशी कार्डं साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावतात, त्यावर परत जीएसटी.

हे वाचून मिस्टर खूश झाले असतील. पण आता त्यांच्याकडे वळतो.

त्यांचं म्हणणं असं की अंदमानला गेलं की एलटीए मिळतो, मालदीवला नाही, आणि २०२२ ते २०२५ च्या ब्लॉकमधला, म्हणजे एलटीएच्या चार वर्षांच्या गटातला, राहिलेला एक प्रवास २०२६ च्या डिसेंबरपर्यंत वापरला नाही तर वाया जाईल म्हणून दिवाळीतच जायचं. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे. एलटीए फक्त भारतातल्या प्रवासाला, स्टेट बँकेच्या एका केसमध्ये कर्मचाऱ्यांनी मदुराईला जाताना क्वालालंपूर-सिंगापूर फिरून घेतलं होतं ते सुद्धा सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये चालवून घेतलं नाही. बाबा त्यांच्यावर अवलंबून नसतील, एसटीची पेन्शन आणि शेतीचं उत्पन्न आहे म्हणताय, तर बाबांचं तिकीट सोडून तिघांचे ६६ हजार प्रवासखर्च, पण पे स्लिपवर एलटीए वर्षाला ४० हजारच आहे. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट ८,३२० रुपये वाचतात.

आणि हे ८,३२० वाचवायला ते जुन्या टॅक्स रेजिममध्ये, म्हणजे टॅक्स मोजायच्या जुन्या पद्धतीत, बसलेत!

बघा, १२ लाख ४० हजारातून स्टँडर्ड डिडक्शन ५० हजार, प्रोफेशनल टॅक्स अडीच हजार, ८०सी च्या गुंतवणुकीचे दीड लाख, घराच्या कर्जाचं व्याज २ लाख, मेडिक्लेमचे २५ हजार वजा केले की उरतात ८ लाख १२ हजार ५००. त्यावर टॅक्स सेससकट ७८ हजार. एलटीए लावला तरी ६९,६८०. आता नवीन रेजिम. स्टँडर्ड डिडक्शन ७५ हजार, बाकी काही नाही, उरतात ११ लाख ६५ हजार. २०२५ च्या बजेटपासून नवीन रेजिममध्ये १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्समाफी, आहे. टॅक्स शून्य. होम लोन आहे, ८०सी भरतो म्हणजे जुनंच चांगलं, असं कोणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं आणि एचआरच्या डिक्लेरेशनमध्ये दर एप्रिलला तेच टिक होत राहतं, असे कितीतरी जण बघतो मी. २०२५ च्या बजेटने गणित बदललं, टिक बदलली नाही.

तर एचआरला आजच विचारा वर्षाच्या मध्ये रेजिम बदलून देतात का. काही कंपन्या देत नाहीत, तरी बिघडत नाही, पगारदार माणसाला वेळेत रिटर्न भरताना दरवर्षी निवडता येतं, कापलेला टीडीएस रिफंड येतो. मागच्या वर्षाचं रिटर्न अजून भरलं नसेल तर त्यातही हे करून बघा. फक्त दोन गोष्टी तपासा, मिस्टरांच्या नावावर दुसरं उत्पन्न किती आहे आणि पुढचं इन्क्रिमेंट किती, कारण ग्रॉस पावणेतेरा लाखांच्या वर गेला की शून्य राहत नाही आणि गणित परत मांडावं लागेल. शेअर किंवा फंड विकून नफा झाला असेल तर त्या टॅक्सला हा रिबेट लागत नाही, तेही बघा.

म्हणून माझं उत्तर असं की आता अंदमानला जा, पण एलटीएसाठी नका जाऊ. तो एकदा डोक्यातून गेला की डिसेंबरची डेडलाइनही जाते आणि दिवाळीत जायची सक्ती राहत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस असतो, मधूनच वादळाची हवा होते, फेरी रद्द होतात, वर दिवाळीची तिकिटं महाग. तुमची शाळा बघता एप्रिलची अखेर ते मेचा पहिला आठवडा घ्या. उकडेल, पण समुद्र शांत असतो आणि मान्सून तिकडे साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो, त्याआधी तुम्ही परत. आरडीचे पैसे तोवर शॉर्ट टर्म एफडीत ठेवा.

बुकिंग करताना शेवटची रात्र हॅवलॉकला ठेवू नका, पोर्ट ब्लेअरला ठेवा, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. एजंट पैसे वाचवायला सकाळची फेरी आणि दुपारचं विमान असं बसवतात, हवा बिघडून ती एक फेरी रद्द झाली की परतीची तिकिटं गेली. ते उरलेले २४ हजार याचसाठी. आणि सेल्युलर जेलला बाबांना सकाळीच न्या, सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर विंगच्या टोकाला आहे, जिना चढायचाय, गुडघ्यांचं त्यांना आधी विचारून घ्या. हॅवलॉकच्या राधानगर बीचला मात्र चारलाच पोचा, घड्याळ आपलंच पण सूर्य तिकडे आपल्यापेक्षा कितीतरी आधी मावळतो, मुलीला पाण्यातून बाहेर काढेपर्यंत अंधार होतो.

आणि ताई, मालदीव कॅन्सल नाही केलेलं मी. टॅक्सचे जे महिन्याला ५,८०० वाचतील ते आणि आरडीचे १० हजार चालूच ठेवलेत तर १५,८०० होतात. अंदमानहून आल्यावर सव्वादोन वर्षांत ते पूर्ण ४ लाख २८ हजारांचं मालदीव जमतं, एक रुपयाही कर्ज न काढता. तेवढं थांबायचं नसेल तर माफुशीचा विचार करा, ते लोकवस्तीचं बेट आहे, विमानतळावरून स्पीडबोटने जाता येतं, सीप्लेनचे ९० हजार तिथेच वाचले, छोट्या गेस्टहाउसला ग्रीन टॅक्स पण निम्मा, ६ डॉलर. दारू मिळत नाही, तुम्हाला नकोच आहे. एक दिवस शेजारच्या रिसॉर्टचा डे पास घ्यायचा, सगळं सव्वादोन लाखांच्या आत बसतं आणि साधारण चौदा महिन्यांत पैसे तयार होतात. वॉटर व्हिलात झोपायला मात्र मिळणार नाही, तेव्हा आधी ठरवा की तुम्हाला मालदीव हवंय की तो व्हिला. व्हिलाच हवा असेल तर सव्वादोन वर्षं थांबा आणि तेव्हा फुल बोर्ड, म्हणजे दुपारचं जेवणही धरून, घ्या. नाताळ-नवीन वर्षात जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी गाला डिनर सक्तीचं असतं, त्याचं बिल वेगळं.

एजंट रविवारपर्यंतच ऑफर आहे म्हणतोय ना, जाऊ द्या रविवार. मे ते ऑक्टोबर तिकडे पावसाळा असतो, त्या महिन्यांत तो स्वतःच यापेक्षा चांगली ऑफर घेऊन फोन करेल. तोवर त्याला तुमचा कार्ड नंबर देऊ नका आणि मिस्टरांना सोमवारी एचआरला मेल करायला लावा.