खडकाळ किनाऱ्यावर जीवाश्म नेमके कधी आणि कुठे शोधावेत?

वादळी लाटा ओसरल्यावरच्या पहिल्या ओहोटीला जा आणि कडा खोदत बसण्यापेक्षा पायाखालच्या सुट्या गोट्यांत शोधा. लाटा मऊ शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला थरांचा खडक) झिजवतात, आतले कठीण जीवाश्म सुटतात आणि साधारण तेवढ्याच वजनाच्या दगडांत जाऊन अडकतात. पायराइटचे (लोह-गंधकाच्या खनिजाचे) अमोनाइट, म्हणजे वळसेदार शंखाच्या नामशेष समुद्री जीवांचे जीवाश्म, जड, म्हणून ते जड काळ्या खड्यांबरोबर खळग्यांत साठतात. रंगाला भुलू नका, नियमित आकार शोधा: वळसे, बरगड्या, समांतर रेषा. जीवाश्म असू शकतील अशा दगडाच्या गोल गाठी फोडायला भूवैज्ञानिक हातोडी आणि डोळ्यांना संरक्षक गॉगल हवाच, कारण सुताराच्या हातोडीचे पोलादी कपचे उडतात. मिळालेला तुकडा गोड्या पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा. नाहीतर आतलं मीठ सुकताना दगड तडकवतं. अर्थात किनारा गाळाच्या खडकाचा असेल तरच. बेसॉल्ट, ग्रॅनाइटवर बहुधा हात हलवत परत याल.