धर्मप्रांत, सिनड आणि मंडळीची जमीन

प्रश्न : आमची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची, आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) आहे. धर्मप्रांत (एका बिशपच्या देखरेखीखालचा विभाग) सिनडपासून, म्हणजे सीएनआयच्या सर्वोच्च सभेपासून, स्वतंत्र असतो का? चर्चलगतची जागा विकण्याचा निर्णय आमची पास्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी समिती, घेऊ शकते का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : रोजच्या कारभारात धर्मप्रांत बराच मोकळा असतो, पण स्वतंत्र नसतो. त्याची नियमावली सीएनआयच्या घटनेला धरूनच असावी लागते. उपासनेत मोकळीक मुद्दाम ठेवली आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या, त्यांत अँग्लिकन होते तसे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. म्हणून बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत.

‘आमची मंडळी, आमचा निर्णय’ ही भावना तुमच्याकडे काँग्रिगेशनल परंपरेतून आली आहे. त्या परंपरेत मंडळीवर बिशप नव्हताच. ही भावना आदराचीच, पण जमिनीच्या व्यवहारात ती कामी येत नाही. तिथे कागद बोलतो.

सिनडलाही हाच नियम लागू आहे. गुजरातमधील फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरनच्या मिळकतींवर सीएनआयने विलीनीकरणाच्या आधारे हक्क सांगितला होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. नुसता ठराव केल्याने नोंदणीकृत सार्वजनिक न्यास विसर्जित होत नाही आणि त्याची मिळकत दुसऱ्याकडे जात नाही. त्यासाठी कायद्याची प्रक्रिया पुरी करावी लागते. आमच्या मते या निकालाची माहिती प्रत्येक पास्टोरेट कमिटीला असायलाच हवी.

म्हणून आधी दोन कागद काढा : धर्मादाय कार्यालयातून न्यासाच्या नोंदवहीचा, म्हणजे परिशिष्ट १ चा उतारा, आणि जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. दोन्हींवरची नावं ताडून पाहा. घोळ बहुधा इथेच सापडतो. एकीकडे जुन्या मिशनचं नाव तसंच राहिलेलं असतं, दुसरीकडे दिवंगत विश्वस्तांची. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहून गेलेला असतो.

जागा ट्रस्ट असोसिएशनच्या (चर्चच्या मिळकती सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नावावर असेल, तर तुमच्या कमिटीची सही निरुपयोगी आहे. ती फक्त शिफारस करू शकते. जागा मंडळीच्याच नोंदणीकृत न्यासाची असली, तरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे विक्री, अदलाबदल किंवा बक्षिसापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. शेतजमिनीचा दहा वर्षांहून आणि बिगरशेती जागेचा तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही त्यात येतो. मंजुरीआधी विसार घेऊ नका. ती नाकारली गेली की घेणारा पैशांसाठी मंडळीच्या दारात उभा राहतो.