बोट कुठं आहे ते बघ

पंचवटी, नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. सातपूरच्या प्रौढ साक्षरता वर्गातल्या नऊ बायकांच्या नावांपुढं तू 'चांगली', 'बरी', 'कच्ची' असे शेरे मारलेत. कच्ची म्हणजे नेमकं काय अडतं? जोडाक्षर की वेलांटी? उद्या काय शिकवायचं, हे त्या शेऱ्यावरून तुला तरी कळेल का?

मीही हेच केलंय. माझ्या पहिल्या वर्गात एक मावशी धडा खडाखडा वाचायच्या. मी 'उत्तम' लिहून मोकळी. एकदा सहज शेजारी जाऊन बसले, तर तोंड चौथ्या ओळीवर आणि बोट अजून दुसऱ्याच ओळीवर! नातवानं रोज म्हणून घेऊन सगळा धडा पाठ करून घेतला होता. त्यातलाच 'पाणी' हा शब्द मी पाटीवर सुटा लिहिला. मावशी गप्प. दोन महिने मी समोर उभी राहून नुसतं ऐकत होते, बोट कधी बघितलंच नव्हतं. आता धड्यातलं अक्षर मी धड्याबाहेर विचारते. गोळ्यांच्या पाकिटावरचं, बसच्या पाटीवरच्या 'निमाणी'तलं.

उलटंही होतं. तुझ्या त्या 'कच्च्या' भाजीवाल्या ताईच घे. बाजार समितीतून कोथिंबीर शेकड्यानं घेतात. १२५० रुपये शेकडा म्हणजे जुडी साडेबाराला पडली, पंधराला विकली की चाळीस जुड्यांमागं शंभर सुटले. हे त्या तुझ्याआधी सांगतील. फक्त हातच्याची वजाबाकी कागदावर मांडता येत नाही. मग तेवढंच लिही ना : 'तोंडी हिशोब पक्का, मांडणी नाही.' आणि पुस्तक हातभर लांब धरत असतील तर आधी चष्म्याचं बघ. चाळिशी लागलेल्या बाईला आपण ढ ठरवून बसतो, हे मी फार पाहिलंय.

'उल्लास' या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास, आणि प्रत्येकात ३३ टक्के लागतात. एकात अडली तर दुसऱ्यातले गुण तिला तारत नाहीत. म्हणून वहीत तीन रकाने वेगळे ठेव.

चाचणीच्या दिवशी कानात उत्तर सांगावंसं वाटेल. वर्षभर जीव लावलेला असतो, वाटणारच. सांगू नकोस. राहिली तर 'सुधारणा आवश्यक' असा शेरा मिळतो, पुन्हा बसता येतं. तू सांगितलेल्या उत्तरावर पास झाली, तर तिला काय येत नाही हे पुन्हा कुणी विचारायलाही येणार नाही. औषधाची बाटली मात्र तिची तिलाच वाचायची आहे.

लाल पेन घरी ठेव. तपासलेली वही आधी तिच्याच हातात दे आणि विचार, "यातलं कुठलं अक्षर तुम्हाला बरं वाटतं?" त्या स्वतःच चुकीवर बोट ठेवतात, बघ.

रविवारी वही घेऊन ये. भाजीवाल्या ताईंचं पान आधी काढू.

तुझी,
बाई