परक्या शहरात मोबाइलचे तिकीट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीबद्दल आहेत. आपल्या गावात सवयीने चालणारी माणसे दुसऱ्या शहरात गेली की तिथल्या नव्या इलेक्ट्रॉनिक तिकिटांपुढे थबकतात. त्यांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघेही पासष्टी ओलांडलेले आहोत. पुढच्या महिन्यात पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन मरोळला मुलाकडे आठवडाभर राहणार आहोत. मुलगा म्हणतो मेट्रोचे कार्ड घ्या, सून म्हणते ॲप घ्या, आणि ॲपही एक नाही, चार-पाच आहेत. नेमके काय घ्यावे? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : आठवड्याच्या मुक्कामासाठी कार्ड घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण पैशांच्या हिशोबात आहे. क्यूआर कोडचे तिकीट एका ठरावीक प्रवासापुरते असते; तो प्रवास झाला की व्यवहार मिटला. कार्डात मात्र आपण पैसे आगाऊ भरून ठेवतो, आणि पाहुण्याचा मुक्काम संपतो तेव्हा त्यातली काही रक्कम बहुधा शिल्लकच राहिलेली असते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये केवायसीशिवाय, म्हणजे ओळखीची कागदपत्रे न तपासता, केवळ सार्वजनिक वाहतुकीसाठी अशी कार्डे देण्यास परवानगी दिली, त्यांत जास्तीत जास्त ३,००० रुपये ठेवता येतात. पण त्यांतली रक्कम रोख काढता येत नाही आणि दुसऱ्या कोणाच्या नावे वळवताही येत नाही.

मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कॉमन मोबिलिटी कार्डाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ते एकाच शहरापुरते नाही आणि तुमच्या बँकेच्या रुपे डेबिट कार्डातही ती सोय असू शकते. मात्र बँक खात्यातील शिल्लक मेट्रोच्या फाटकावर चालते, असा समज करून घेऊ नये. फाटकावर चालते ती कार्डाच्या चिपमध्ये स्वतंत्रपणे भरलेली रक्कम, आणि तिची मर्यादा २,००० रुपये आहे. घरबसल्या ऑनलाइन रिचार्ज केलेले पैसेही थेट चिपमध्ये जात नाहीत. स्थानकावरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड लावून ते चिपमध्ये उतरवून घ्यावे लागतात. रिचार्जचा संदेश हातात असूनही फाटक उघडत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. शिवाय चिपमधले पैसे पिनशिवाय खर्च होत असल्याने कार्ड हरवले तर ते ज्याला सापडेल त्याला वापरता येते. दर महिन्याला मुंबई-पुण्याला जाणाऱ्या माणसाला हे कार्ड उपयोगाचे आहे. तुम्हा दोघांना त्याची गरज नाही.

आता ॲपविषयी. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ या ॲपमध्ये मुंबई महानगरातील मेट्रो, मोनोरेल, उपनगरी रेल्वे आणि बेस्टसह निरनिराळ्या बससेवा अशा अकरा संस्था एकत्र आणल्या आहेत, आणि एकाहून अधिक वाहनांचा प्रवास जोडण्याची सोय त्यात आहे. पाहुण्याने एकच ॲप घ्यायचे ठरवले तर हे घ्यावे. तुमचा मार्ग तसा सोपा आहे. पंचवटीने दादरला न उतरता थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जावे आणि तेथून भुयारी मेट्रो ३ ने मरोळ नाका गाठावे. ही मार्गिका ९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू आहे आणि तिचे भाडे अंतरानुसार १० ते ७० रुपये आहे. दादरला मेट्रोचे स्थानक पश्चिमेला, रेल्वेच्या फलाटांपासून बरेच अंतर राखून आहे, आणि सामान घेऊन ते अंतर चालणे या वयात नकोसे होईल. तिकीट जमिनीवर असतानाच, म्हणजे मोबाइलला नेटवर्क आहे तोवर, काढून ठेवावे. जिने उतरल्यावर ॲप उघडत बसण्यात अर्थ नाही.

लोकलचा नियम वेगळा आहे आणि त्यातच पाहुणे अधिक फसतात. रेल्वेचे बिनकागदी तिकीट, म्हणजे १ जुलै २०२५ पासून आलेल्या ‘रेलवन’ ॲपवर काढलेले तिकीट, स्थानकात शिरण्यापूर्वी काढावे लागते; फलाटावर उभे राहून किंवा गाडीत बसल्यावर ते काढता येऊ नये, अशीच योजना त्यात केलेली आहे. टीसीला ॲपमधले मूळ तिकीट दाखवावे लागते, स्क्रीनशॉट चालत नाही, आणि मोबाइल बंद पडला तर तुम्ही विनातिकीट ठरता. एकेरी तिकिटावर प्रवासही तासाभरात सुरू करायचा असतो, त्यामुळे सकाळच्या चहाबरोबर दुपारचे तिकीट काढून ठेवण्याचा आपला काटेकोरपणा इथे उपयोगाचा नाही. एखाद्या दिवशी बरेच फिरायचे असेल तर रेल्वेच्या खिडकीवर उपनगरी मार्गांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांची पर्यटक तिकिटे मिळतात. ही सोय जुनी आहे, पण नव्या ॲपांच्या गर्दीत लोक ती विसरले आहेत.

या सगळ्याची नोंदणी नाशिकमध्येच, निघण्याच्या आदल्या आठवड्यात, करून ठेवावी. ओटीपी, यूपीआयची जोडणी आणि पासवर्ड ही कामे घरच्या वायफायवर शांतपणे होतात. तुमच्यापैकी एकानेच यूपीआय वापरलेले असेल तर मुलगा ‘यूपीआय सर्कल’द्वारे स्वतःच्या खात्यातून ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करण्याची मुभा दुसऱ्याच्या मोबाइलला देऊ शकतो. दोघांनीही स्वतंत्र तिकीट काढता येण्याच्या स्थितीत असावे, असे आम्ही सुचवू. गर्दीत चुकामूक झाली तर एकाच मोबाइलमध्ये दोघांची तिकिटे असणे त्रासाचे ठरते.

प्रश्न : माझ्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि तोच ठेवायचा आहे. मला आता मेट्रोत बसताच येणार नाही का? (पंचवटी)

उत्तर : अवश्य येईल. मेट्रोच्या खिडकीवर रोख पैसे देऊन कागदावर छापलेले क्यूआर तिकीट मिळते, लोकलचे तिकीट रेल्वेच्या खिडकीवर मिळते आणि बसमध्ये बहुधा वाहक असतो. कागदाची घडी कोडवर पडू देऊ नये आणि बाहेर पडेपर्यंत तो टाकू नये, कारण तोच कोड उतरल्यावर फाटकावर पुन्हा दाखवावा लागतो.

प्रश्न : आम्ही पाच जण एसटीने पुण्याला जाऊन नाशिक फाट्याला उतरतो आणि तेथून कोथरूडला नातेवाइकांकडे जातो. मागच्या वेळी पाचही तिकिटे माझ्या मोबाइलवर होती आणि फाटकावर फार गोंधळ झाला. यावर काही युक्ती आहे का? (नाशिकरोड)

उत्तर : एका मोबाइलमध्ये पाच तिकिटे असली की मोबाइलधारकाने सर्वांत शेवटी फाटक ओलांडायचे, हा पहिला नियम. प्रत्येकाचा कोड वेगळा असतो. एक कोड दाखवावा, फाटक उघडल्यावर एका माणसाला आत सोडावे, मग पुढचा कोड घ्यावा. बऱ्याच कुटुंबांत कुटुंबप्रमुख आधी आत जातो आणि मग मोबाइल फाटकावरून मागे देण्याची पाळी येते. उतरतानाही हाच क्रम, आणि तेव्हा तो अधिक अवघड असतो, कारण तोवर मंडळी गर्दीत पांगलेली असतात. म्हणून कुटुंबासोबत असताना खिडकीवरून कागदी तिकिटे घेऊन ज्याचे त्याच्या हाती देणे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. नवी सोय उपलब्ध आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे, असे नाही.

मार्गाविषयी सांगायचे तर नाशिक फाट्याच्या स्थानकातून स्वारगेटच्या दिशेने जाणारी गाडी घ्यावी आणि जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून वनाझकडे जाणारी दुसरी मार्गिका पकडावी. गाडी बदलताना स्थानकाच्या आतूनच जावे. फाटकातून बाहेर पडलात तर तिकीट तेथेच संपते. सुरुवातीलाच शेवटच्या स्थानकापर्यंतचे तिकीट काढलेले असेल तर मधे दुसरे तिकीट लागत नाही. पुढे बसने जायचे असेल तर ऑगस्ट २०२४ मध्ये आलेले पुण्याच्या शहर बससेवेचे ‘आपली पीएमपीएमएल’ हे ॲप बस कुठवर आली आहे तेही दाखवते. दिवसभर बसनेच फिरायचे असेल तर दैनिक पास पाहावा. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांपुरता तो ७० रुपयांना आहे.

प्रश्न : एसटीत मला अर्धे तिकीट लागते आणि माझ्या आईला मोफत प्रवास आहे. मेट्रोतही तसेच असेल ना? (सिडको)

उत्तर : नाही. ७५ वर्षांवरील नागरिकांचा मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत या दोन्ही योजना एसटीच्या आहेत. मेट्रो आणि शहर बससेवा यांच्या सवलती ज्या त्या संस्था ठरवतात, आणि ॲपवर तिकीट काढताना त्या आपोआप लागू होतील असे गृहीत धरू नये.

प्रश्न : परगावी तिकिटाचे पैसे खात्यातून वजा झाले, पण तिकीट आले नाही. घाईत मी दुसऱ्यांदा पैसे भरले. पहिले पैसे परत मिळतात का? (गंगापूर रोड)

उत्तर : व्यवहार अपुरा राहिला असेल तर मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यापाऱ्याला यूपीआयने केलेला असा व्यवहार पाच दिवसांच्या आत आपोआप उलटवला गेला पाहिजे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई देय आहे. त्यासाठी व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा आणि तक्रार आधी यूपीआय ॲपमध्येच त्या व्यवहाराखाली नोंदवावी. यातही एक बारीक भेद आहे. पुष्कळदा तिकीट तयार झालेले असते, पण नेटवर्क नसल्यामुळे ते पडद्यावर येत नाही. ॲप बंद करून पुन्हा उघडल्यावर आधी काढलेल्या तिकिटांच्या यादीत ते सापडते. अशा वेळी दुसऱ्यांदा पैसे भरले तर दोन वैध तिकिटे होतात आणि पाच दिवसांचा हा नियम लागू होत नाही. म्हणून दुसरे तिकीट काढण्यापूर्वी ती यादी एकदा पाहावीच. अगदीच घाई असेल तर ते दुसरे तिकीट खिडकीवर रोखीने घ्यावे.

प्रश्न : मुलीकडे लंडनला चाललो आहोत. तिथे म्हणे बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. आमची भारतातली बँक कार्डे चालतील का? (कॉलेज रोड)

उत्तर : ऐकले ते खरे आहे, लंडनच्या बसगाड्यांत ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतले जात नाहीत. तेथे वेगळे तिकीट काढावे लागत नाही, संपर्करहित (कॉन्टॅक्टलेस) बँक कार्ड यंत्राला टेकवले की भाडे वळते होते. व्हिसा किंवा मास्टरकार्डचे भारतीय कार्ड सामान्यतः चालते, मात्र निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये दोन गोष्टी स्वतः सुरू कराव्या लागतात : परदेशातील वापर आणि संपर्करहित वापर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डांवर या दोन्ही सोयी मुळात बंद असतात. दोघांना दोन स्वतंत्र कार्डे लागतील. भुयारी रेल्वेत शिरताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवावे. शिरताना प्लास्टिकचे कार्ड आणि उतरताना मोबाइलमधले तेच कार्ड वापरले तर यंत्रणा त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते आणि दोन्ही प्रवास अपुरे धरून जादा आकार लावते. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचे असते. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, तिचा लाभही एकच कार्ड सातत्याने वापरले तरच मिळतो. तुमची बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर काही टक्के आकारत असेल तर तेथे पोहोचल्यावर लंडनच्या वाहतुकीचे ऑयस्टर कार्ड घेऊन त्यात पैसे भरणे स्वस्त पडेल का, हे मुलीला विचारावे.

प्रश्न : सिंहस्थाच्या काळात अमेरिकेतून भाचा येणार आहे, इतर पाहुणेही येतील. नाशिकमध्ये त्यांनी तिकिटे कशी काढावीत? (भद्रकाली)

उत्तर : आपल्याकडे शहर बससेवा जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक चालवते. तिच्या ॲपवर तिकीट काढता येते आणि बस कुठे आहे हेही पाहता येते. वाहकाकडून मशीनचे कागदी तिकीट घेण्याचा मार्गही खुला आहे. पाहुण्यांना आम्ही हा कागदी तिकिटाचाच मार्ग सुचवू, कारण नाशिकरोड स्थानकावर उतरून निमाणीची किंवा शालिमारची बस पकडणाऱ्या माणसाला एका फेरीसाठी ॲप उतरवून नोंदणी करणे परवडत नाही. सुटे पैसे खिशात असले की पुरे. जे चार दिवस राहून त्र्यंबकेश्वरला वगैरे जाणार असतील त्यांनी ॲप घ्यावे, ते मुख्यतः बसची वेळ पाहण्यासाठी.

भाच्याचे भारतात अनिवासी भारतीयांसाठीचे एनआरई किंवा एनआरओ बँक खाते असेल तर अमेरिकेच्या मोबाइल क्रमांकावरही यूपीआय घेता येते. अमेरिकेसह काही देशांच्या क्रमांकांसाठी २०२३ पासून ही मुभा आहे, मात्र त्याची बँक ती सोय देते का, हे त्याने निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. खाते नसेल तर परदेशी पारपत्रधारकांसाठी यूपीआयचे आगाऊ रक्कम भरलेले वॉलेट असते, ते विमानतळावरील अधिकृत केंद्रांवर चौकशी करून घ्यावे. आणि हे दोन्ही होईपर्यंत दहा-वीस रुपयांच्या नोटा तुम्हीच त्याच्या हाती ठेवाव्यात.