स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येतो, अ‍ॅम्प बदलायचा का?

नका बदलू. निदान आत्ताच नका.

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅम्प वीस-बावीस वर्षं जुना आहे, स्पीकर मागच्या दिवाळीला नवे घेतले, त्याला रेकॉर्ड प्लेअर, टीव्ही आणि लॅपटॉप असं सगळं जोडलंय, आणि रात्री घर शांत झालं की गाणं बंद असतानाही घुंऽऽ चालूच. दुकानदार म्हणतो अ‍ॅम्प गेला, नवीन घ्या. मित्र म्हणतो अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून टाक, लगेच जाईल. दुकानदार तसंच म्हणणार, त्याचा धंदा आहे तो. मित्राचं मात्र अजिबात ऐकू नका, त्याच्याकडे मी खाली परत येते, कारण पिन कापल्यावर आवाज बऱ्याचदा खरंच जातो आणि तिथेच सगळा घोटाळा आहे.

आधी माझं सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. बाबांचा अ‍ॅम्प माझ्याकडे आला तेव्हा हाच आवाज. पहिल्यांदा मी केबल बदलली, जाडजूड, सोनेरी टोकांची, १८०० रुपये, फरक शून्य. मग वाटलं जुना अ‍ॅम्प आहे, आतले कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारे डबे) सुकले असतील, म्हणून पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे रिक्षातून मांडीवर घेऊन गेले, त्याने दोन्ही मोठे फिल्टर कपॅसिटर बदलले, तिथे लावून दाखवला तर आवाज नाही, एकदम शांत. घरी आणला, लावला, घुंऽऽ. दोनदा नेला तो डबा, दोन्ही वेळा त्याच्याकडे शांत आणि माझ्याकडे घुंऽऽ, आणि तरी माझी ट्यूब पेटली नाही की दोष अ‍ॅम्पमध्ये नसून घरात आहे.

मग पावसाळ्यात एकदा केबल गेली, केबलवाला मुलगा आला, त्याने सेट टॉप बॉक्सच्या मागची वायर काढली आणि टोक दाताने सोलत बसला. मी स्वयंपाकघरात होते. एकदम काहीतरी थांबलं. म्हणजे फ्रिज बंद झाल्यावर कसं कळतं की फ्रिजचा आवाज येत होता, तसं. बाहेर आले, म्हटलं आत्ता काय केलंस? तो घाबरला, म्हणाला काकू काही नाही, वायर काढली फक्त. म्हटलं परत लाव. त्याने वायरचं टोक नुसतं बॉक्सच्या पत्र्याला टेकवलं, घुंऽऽ. काढ. गप्प. टेकव. घुंऽऽ. असं पाच-सहा वेळा करायला लावलं बिचाऱ्याला. सगळा खर्च करून झाल्यावर चोर सापडला तो दाताने सोललेल्या वायरीत.

झालं काय होतं ते सांगते. अ‍ॅम्पला तुमच्या घरातल्या सॉकेटचं अर्थिंग मिळतं. केबलच्या वायरीवर जी जाळी असते ती जिन्यातल्या कुठल्या तरी डब्यातून, गच्चीवरून, शेजारच्या बिल्डिंगमधून येते आणि तिचं अर्थिंग वेगळंच असतं. दोन्ही नावाला अर्थिंग, पण त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. दोन विहिरी शेजारी असल्या म्हणून पाणी एका पातळीला नसतं ना, मधे पाईप टाकला की वाहायला लागणार. इथे तो पाईप म्हणजे टीव्हीकडून अ‍ॅम्पकडे येणारी आपली लाल-पांढरी आरसीए केबल. तिच्या बाहेरच्या जाळीतून ही ५० हर्ट्झची वीज वाहते, आणि गाण्याचा सिग्नल परत जायची वाटही तीच, त्यामुळे अ‍ॅम्पला कळत नाही यातलं गाणं कुठलं आणि महावितरण कुठलं, तो दोन्ही इमानदारीत मोठं करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात आणि तुमच्यासारख्या सेटअपमध्ये पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा.

पण माझा चोर तोच तुमचा असं नाही, म्हणून तपासायचं कसं ते बघा.

व्हॉल्यूम शून्यावर नेऊन स्पीकरजवळ कान न्या. आवाज होता तेवढाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातून येतोय, म्हणजे पॉवर सप्लाय किंवा शेवटची स्टेज, तिथे मात्र कपॅसिटरवर संशय घ्यायला जागा आहे. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर तो बाहेरून, इनपुटमधून येतोय. मग अ‍ॅम्प बंद करा आणि मागच्या सगळ्या केबल काढा, सगळ्या म्हणजे सगळ्या, फक्त स्पीकर आणि मेनचा प्लग ठेवा, आणि चालू करा. फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा इनपुट, सोडून दुसरा कुठलाही इनपुट लावून ऐका (फोनोला काही जोडलेलं नसताना तो गुणगुणतोच, ते धरू नका). शांत असेल तर अभिनंदन, अ‍ॅम्प ठणठणीत आहे. आता एकेक वस्तू परत जोडत जा आणि दर वेळी ऐका.

यात दोन गोष्टी लोक चुकतात. एक म्हणजे टीव्ही नुसता बंद करून बघतात आणि म्हणतात टीव्हीचा संबंध नाही. बंद टीव्हीलासुद्धा केबलची जाळी जोडलेलीच असते, लूप तसाच राहतो, त्यामुळे वायर हाताने उपटूनच बघायची. आणि दुसरी, आरसीए घालता-काढताना अ‍ॅम्प बंदच हवा, कारण त्या पिनची मधली टोचणी आधी टेकते आणि बाहेरचं कडं नंतर, त्या मधल्या क्षणात जो ढब्ब असा आवाज येतो त्याने ट्वीटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भोंगा) जाऊ शकतो. नवे स्पीकर आहेत, सांभाळा.

आवाज कसा आहे यावरूनही बरंच कळतं. आपली वीज ५० हर्ट्झची. लूपमुळे किंवा वायरीने बाहेरून ओढलेला आवाज मुख्यतः ५० चा, खालचा, जाड, पोटात जाणवणारा. पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर कमजोर झाले की रेक्टिफायरनंतरचा (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतरचा) १०० हर्ट्झचा येतो, तो जरा चढा आणि खरखरीत. घरात पेटी असेल तर खर्जातली पांढरी पाच दाबून बघा, १०० हर्ट्झ जवळपास तिथेच बसतो. मला हे फार उशिरा सुचलं, नाहीतर कपॅसिटरचा खर्च तेव्हाच वाचला असता. (तसे ते तीस वर्षांचे होते, कधी ना कधी बदलावेच लागले असते, अशी मी स्वतःची समजूत घातली.)

चोर टीव्ही निघाला तर सगळ्यात सोपं म्हणजे टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आउट आहे का बघा, बऱ्याच टीव्हींना असतं. एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) आणि ऑप्टिकल वायर घ्यायची. त्या वायरीत तांबंच नसतं, आवाज प्रकाशातून जातो, त्यामुळे लूप पुरा व्हायला वाटच राहत नाही. मी हेच केलं. दुसरा उपाय केबलच्या वायरीत लावायचा आयसोलेटर, पण तुमच्याकडे गच्चीवरची छत्री असेल तर तो चालत नाही, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच वायरीतून जाते आणि आयसोलेटर ती अडवतो, चित्रच जाईल. कार ऑडिओच्या दुकानात आरसीएमध्ये टाकायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, घुंऽऽ जातं पण स्वस्तातला घेतला की तबल्याचा डग्गाही थोडा जातो. बातम्या ऐकायला ठीक, गाण्याला नको.

लॅपटॉप तपासायला दहा सेकंद लागतात. चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चार्जर. माउस हलवला किंवा पान सरकवलं की चिर्रचिर्र होत असेल तर तो लॅपटॉपच्या आतला विजेचा कचरा आहे, हेडफोनच्या भोकातून येणारा, त्याला, लॅपटॉपला ऑप्टिकल आउट असेल तर, परत तोच डॅक, नाहीतर सरळ ब्लूटूथ रिसीव्हर. ऐकताना बॅटरीवर ठेवलात तर फुकटात काम झालं.

रेकॉर्ड प्लेअरचं प्रकरण वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चिडचिड तोच करतो. सीडी प्लेअर २ व्होल्टचा सिग्नल देतो, आणि साधं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) ४-५ मिलिव्होल्ट, म्हणजे चारशे-पाचशे पट कमी. तो तेवढा वाढवायचा म्हटल्यावर आजूबाजूची गुणगुणही तेवढीच वाढते. आरसीएबरोबर एक बारीक सुटी वायर येते बघा, टोकाला इंग्रजी यू सारखा पत्रा असतो, ती अ‍ॅम्पमागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला घट्ट लावलीय का? बऱ्याच जणांकडे ती शेल्फमागे लोंबकळत असते कारण कशाची आहे ते कुणाला कळलेलं नसतं. ती मेनच्या अर्थिंगला वगैरे लावायची नाही हं, त्या स्क्रूलाच. ती लावूनही राहिलं तर तबकडी थांबलेली ठेवून, सुई वर असताना प्लेअरचा हात (सुईची दांडी) हळूहळू मधे आणा आणि परत बाहेर न्या. जागेनुसार आवाज कमी-जास्त झाला तर कार्ट्रिज अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. यावर कुठलीही केबल चालत नाही, प्लेअर अ‍ॅम्पपासून दीड-दोन फूट लांब सरकवायचा. एकावर एक रचलेलं छान दिसतं पण नाही चालत.

बाकी किरकोळ. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या स्पीडवर असताना कर्रर्र येत असेल तर पंखा फुल करून बघा, गेलं तर कटकटक असा टप्प्यांचा रेग्युलेटर बसवून घ्या, स्वस्त असतो. फोन वाजायच्या आधी टिडिक-टिडिक येतं ते मोबाइलचं, फोन लांब ठेवा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर आत धूळ बसलीय, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे फिरवायचं, अ‍ॅम्प अर्थातच बंद, प्लग काढलेला. आणि प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर बराच वेळ भरलेले असतात, माहिती नसेल तर झाकण उघडून बोट घालू नका, कारागिराकडे द्या. ट्वीटरला कान लावल्यावर स्ऽऽऽ असा बारीक आवाज येतो तो प्रत्येक अ‍ॅम्पला असतो, बसायच्या जागेवर ऐकू येत नसेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता मित्राची पिन. तीन पिनच्या प्लगवरची वरची जाड पिन मुद्दाम लांब असते म्हणजे प्लग घालताना आधी अर्थिंग जोडलं जावं. अ‍ॅम्पच्या आत उद्या फेजची वायर सुटून पत्र्याला लागली तर करंट त्या पिनमधून निघून जातो आणि एमसीबी पडतो. पिन कापली की लूप तुटतो, म्हणून घुंऽऽ जातं, मित्र खोटं बोलत नाहीये. पण मग तो पत्रा २३० व्होल्टवर तसाच बसून राहतो, आणि आरसीएच्या जाळीतून जोडलेली प्रत्येक वस्तूही, रेकॉर्ड प्लेअरच्या हातासकट, ज्याला तुम्ही रोज बोट लावता. आणि लूप असतानाच पिन कापलीत तर अ‍ॅम्पला उरलेलं एकमेव अर्थिंग म्हणजे त्या केबलवाल्याची वायर. तुमचा जीव तिच्या भरवशावर सोडायचाय का?

त्याऐवजी अ‍ॅम्प, टीव्ही, प्लेअर, लॅपटॉप सगळं एकाच सॉकेटवरच्या एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, इस्त्री सोडून. सगळ्यांचं अर्थिंग एका जागी आलं की आपापसातले लूप बरेच मंदावतात. आणि घर जुनं असेल तर वायरमनला बोलवून मीटर लावून बघायला सांगा, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास हवं, न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट. ते घरात सगळं चालू असतानाही अगदी शून्य आलं तर शंका घ्या, सॉकेटच्या मागे कुणीतरी न्यूट्रलवरून अर्थला तुकडा मारलेला असू शकतो. आमच्याकडे हॉलच्या एका सॉकेटमध्ये तसाच निघाला. तो काढायलाच लावा, न्यूट्रल कुठे तुटली तर सगळ्या पत्र्यांवर करंट येईल.

माझ्याकडे आता स्पीकर शांत आहेत. संध्याकाळी अ‍ॅम्पचं खोकं मात्र स्वतःच बारीक गुणगुणतं, स्पीकर काढले तरी, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल झाल्यात त्याच्या. दुरुस्तीवाला म्हणाला वार्निशात बुडवून देतो. मी म्हटलं राहू दे. तुम्ही आज रात्री टीव्हीमागची वायर तेवढी उपटून बघा आणि काय झालं ते कळवा, मग पुढचं बोलू.